कडेवरून खाली ठेवा की त्याला जरा!

मागच्या अंकात एका आजींना उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की न दिसणाऱ्या बाळाचं रांगणं-चालणं उशिरा होतं त्यात डोळ्यांचा वाटा असतोच, पण आपल्या कडेचाही तेवढाच असतो. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळी दुसरा विषय घेताच येत नाहीये. दोघीतिघी रागावल्यात पण, "तुम्हाला काय जातंय सांगायला, पडलं पोरगं म्हणजे?" असं लिहिलंय एकीने. रागवा, चालेल मला. वीसेक वर्षं अशा घरांमध्ये सतरंजीवर बसून काढलीत, याहून जास्त ऐकून घेतलंय.

"ताई, माझा मुलगा ११ महिन्यांचा. २९व्या आठवड्यात झाला, दीड महिना पेटीत होता. नंतर कळलं डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, लेझर झालं, ऑपरेशन झालं, पण आता फक्त उजेड-अंधार कळतो म्हणतात. बसवला तर छान बसतो. पालथा घातला की रडून घर डोक्यावर घेतो, रांगायचं नावच नाही. आणि खुळखुळा वाजवला की हात पुढे करायचं सोडून एकदम पुतळ्यासारखा गप्प होतो. सासूबाई म्हणतात याला ऐकूही येत नाहीये. रात्र रात्र झोप लागत नाही मला." – एक आई, इचलकरंजी

आधी तो गप्प होण्याचा मुद्दा घेऊ, कारण झोप त्यानेच उडालीय तुमची. अहो, तो गप्प होतो म्हणजे तो ऐकतोय! कुकरच्या शिट्ट्या मोजताना कुणी बोलायला लागलं की आपण हात वर करून त्याला थांबवतो ना, अगदी तसंच. दिसणारं बाळ खुळखुळा बघून हातपाय झाडतं कारण त्याला वस्तू दिसते, याला फक्त आवाज आहे आणि तो नीट कानात यावा म्हणून तो स्वतःचं अंग थांबवतो. घरातले सगळे अशावेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि चेहरा कोराच असतो, मग वाटतं याला कशात गोडीच नाही. तुम्ही चेहरा सोडा, त्याच्या हाताची बोटं बघा. उघडमीट करतील, काहीतरी चाचपल्यासारखी हलतील. त्याचं हसू-बोलणं सध्या तिथे आहे. तरीपण कानाची बेरा टेस्ट झाली नसेल तर करून घ्याच, लवकर जन्मलेल्या बाळांची ती करायचीच असते, सासूबाईंचंही समाधान होईल.

दुसरं, तो ११ महिन्यांचा नाहीये. ४० आठवड्यांतून २९ वजा केले तर ११ आठवडे तो आधीच आला, म्हणजे हिशोबाला साधारण साडेआठ महिन्यांचा धरा. दोन वर्षांचा होईपर्यंत हा हिशोब असाच करायचा, शेजारणीच्या बाळाशी तुलना करायच्या आधी तर नक्कीच.

आता रांगणं. अमेरिकेत मिशिगनला सेल्मा फ्रायबर्ग म्हणून बाई होत्या, त्यांनी जन्मापासून न दिसणारी, पण बाकी काही त्रास नसलेली दहा बाळं वर्षानुवर्षं घरी जाऊन पाहिली. त्यांना दिसलं ते असं की बसणं, हात धरले की पावलं टाकणं हे जवळजवळ वेळेवर येतं, अडतं कुठे तर बाळाने स्वतःहून जागा सोडायची असते तिथे. पालथं पडून हातांवर उठणं, रांगणं, एकटं चालणं. खोलीभर एकटं चालायला त्या बाळांना साधारण १९ महिने लागले, दिसणारी बारा महिन्यांच्या आसपास चालतात. म्हणजे स्नायू तयार असतात पण जायचं कुठे हेच माहीत नसतं. दिसणाऱ्या बाळाला समोर लाल बॉल दिसतो म्हणून ते मान उचलतं, हात टाकतं, पोटावर घसरतं. तुमच्या मुलाने पालथं पडून मान उचलली तर त्याला मिळतं काय? काहीच नाही. नाक सतरंजीत आणि वर अंधार. मीपण रडले असते.

आणि लोकांना वाटतं की मग आवाज करा, आवाजाकडे येईल. नाही येत, निदान सुरुवातीला तरी नाही. आवाजाच्या मागे एक वस्तू असते, तिला हात लावता येतो, हे दिसणाऱ्याला फुकटात कळतं, याला शिकावं लागतं. खुळखुळा त्याच्यासाठी हवेतून येतो आणि हवेतच विरतो. आवाजाच्या दिशेने हात जाणं हे पहिल्या वर्षाच्या शेवटी-शेवटी येतं, आणि ते आलं की त्याच्या पाठोपाठ रांगणं येतं, असं फ्रायबर्गबाईंनाही दिसलं आणि मलाही घराघरात दिसलंय.

तर करायचं असं. खुळखुळा बाजूला ठेवा, स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. त्याला मांडीत पाठ टेकवून बसवा, वाटी त्याच्या दोन्ही हातांत द्या, तोंडात घालेल, घालू दे. चमच्याने ती त्याच्या हातातच वाजवा म्हणजे आवाज त्याच्या तळव्याला झिणझिणेल. हे आठ-दहा दिवस. मग एक दिवस वाटी हातातून हळूच काढून त्याच्या मांडीला चिकटूनच खाली ठेवा, वाजवा, आणि थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं आणि आयांना ते अजिबात जमत नाही, दोन सेकंदात हात धरून वाटीवर नेऊन ठेवतात. नका नेऊ! मनात वीस आकडे मोजा. त्याचा हात चुकून का होईना वाटीला लागला की मोठ्ठ्याने कौतुक करा. रोज तीच वाटी, तीच बाजू. मग चार बोटं लांब, मग वीतभर, मग थोडी पुढे, की वाकल्याशिवाय मिळणार नाही. एका घरात हे करायला आम्हाला सव्वादोन महिने लागले आणि ज्या दिवशी ते पोर वाटीसाठी पुढे वाकून हातांवर आलं त्या दिवशी त्याच्या आजीने वाटीलाच कुंकू लावलं.

पालथं घालणं बंद करू नका, फक्त जागा बदला. तुम्ही उशीला टेकून अर्धवट आडव्या पडा आणि त्याला स्वतःच्या छातीवर पालथा घ्या. बोला, गुणगुणा, तुमचा आवाज छातीतून त्याच्या पोटाला लागतो, आणि मान उचलली की हनुवटी, ओठ, कानातलं हाताला मिळतं, म्हणजे उचलण्याचा मोबदला मिळाला. तिथे रमला की खाली सतरंजीवर, छातीखाली टॉवेलची गुंडाळी. दुपटं बदललं की दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, रडायला लागायच्या आधी उचलायचं. गादीवर नको, गादीत हात रुततात.

अजून एक जुगाड सांगते. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अशा मुलांसाठी एक छोटीशी खोली काढली होती, म्हणजे खोकंच, ज्याच्या छतावरून आणि भिंतींवरून वस्तू टांगलेल्या आणि बाळ आत झोपलेलं. हात हलला की काहीतरी लागतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते परत त्याच जागी सापडतं. मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, एक बाजू कापा, वरून नाडीने चाव्यांचा जुडगा, चमचा, दात घासायचा ब्रश, घुंगरू, सुकी कणसाची बुरकुंडी असं काहीबाही बांधा. नाडी आखूड ठेवा, गळ्यात यायला नको, घुंगरू पक्कं शिवा, सुटून तोंडात गेलं तर पंचाईत, आणि तुम्ही शेजारीच बसा. पण आत ढवळाढवळ करायची नाही आणि "बघ बघ हे काय" असं सारखं बोलायचं नाही, तो कामात असतो. त्याच बाईंनी अशा बाळांना पातळ प्लायवूडच्या फळीवरही झोपवलं, खाली कडेने पट्टी मारून फळी जमिनीपासून जराशी उचललेली, म्हणजे टाच आपटली तरी आवाज आणि कंप परत येतो. सुताराचं तासाभराचं काम आहे. फिजिओ चालू असेल तर तो चालूच ठेवा, हे सगळं त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही.

जाताजाता बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांच्या घरात सध्या कुणी पेटीत आहे त्यांच्यासाठी: बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल किंवा वजन २ किलोच्या खाली असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, फारच लवकर झालेलं असेल तर त्याहून आधी. कुणी सांगितलं नाही तरी तुम्ही विचारा. वेळेत कळलं तर लेझरने बऱ्याच बाळांची नजर वाचते.

"नात २० महिन्यांची आहे. जन्मतः डोळे फार लहान, दिसत नाही. बोट धरून चालते, बोट सोडलं की मटकन खाली बसते. मुलाने गोल चाकांचा वॉकर आणलाय, त्यात घरभर भिरभिरते, खूश असते. सूनबाई म्हणतात डॉक्टर नको म्हणालेत. आम्ही घरात सात माणसं, तिला पडू म्हणून देत नाही." – एक आजोबा, वाई

आजोबा, सूनबाई बरोबर आहेत, आणि वॉकर भंगारवाल्याला द्या, दुसऱ्या बाळालाही देऊ नका. कॅनडात तर २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे, पायऱ्यांवरून मुलं पडायची म्हणून. आपल्या नातीच्या बाबतीत त्याहून मोठा घोटाळा असा की वॉकरमध्ये ती चालत नसते, लटकत असते, चवड्यांनी ढकलत. तोल सांभाळायचं काम वॉकर करतो. शिवाय त्याच्या गोल कड्यामुळे ती भिंतीपासून फूटभर लांबच राहते, हाताला भिंत लागत नाही, दार लागत नाही, नुसतं धाडकन काहीतरी आपटतं. तिला घर कळतच नाही त्यातून.

त्याऐवजी आपला जुना पांगुळगाडा आणा. लाकडी, तीन चाकांचा, जत्रेत मिळतो तो. किंवा प्लॅस्टिकची खुर्ची तिला ढकलायला द्या, फरशीवर मस्त सरकते. पुढे काही आलं की आधी गाडा थडकतो, तिला हातात कळतं, ती थांबते, वळते. पुढे पांढरी काठी हेच काम करणार आहे, म्हणून माझ्या मते पांगुळगाडा म्हणजे काठीची बालवाडी. फक्त तो हलका असतो, पळतो पुढे, म्हणून त्याला दोन किलो तांदळाची पिशवी बांधा.

आता सात माणसांचं. रागावू नका, पण सात माणसं म्हणजे चौदा हात, त्यात त्या पोरीच्या दोन हातांना काम कधी मिळणार? पाणी हवं की ओठाशी पेला, खेळणं हवं की हातात खेळणं. तिच्या जगात वस्तू चालत येतात आणि ती बसून असते, राणीसारखी. दिसणाऱ्या मुलाला तुम्ही कितीही कडेवर ठेवलंत तरी ते डोळ्यांनी घरभर फिरून येतं. ही कडेवर असते तेव्हा कुठेच नसते. स्वयंपाकघर हे तिच्यासाठी माठापासून ओट्यापर्यंत किती पावलं, हे आहे, आणि ती पावलं तिच्याच पायांनी टाकावी लागतील.

बोट धरताना तिचा हात खांद्याच्या वर जातो का बघा. जात असणार. मग ती त्या हाताला लोंबकळते आणि तोल तुमच्याकडे देते. तुम्ही मागे जा, कंबरेला दोन्ही बाजूंनी हलकेच धरा, मग फक्त फ्रॉकची चिमूट, मग तीही नाही. आणि आजींना समोर बसवा, दोन पावलांवर, भिंतीला टेकून. आजींनी बोलत राहायचं, सतत. गप्प बसलेलं माणूस तिच्यासाठी गायब झालेलं असतं, आणि आवाज नसलेल्या पोकळीत पाऊल कोण टाकेल? टीव्ही बंद. ती निघाल्यावर आजींनी मागे सरकायचं नाही, ही लबाडी सगळे करतात आणि मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. दोन पावलं जमली की तीन, मग दरवाजापर्यंत.

घरात तिला अनवाणीच ठेवा. फरशी कुठे संपते, पायपुसणं कुठे आहे, न्हाणीघराचा उंबरा, ओलं-कोरडं हे तळपायाला कळतं, बूट म्हणजे तिच्या पायांना पट्टी बांधल्यासारखं. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट दाराची कड थेट कपाळात बसते. सामान हलवलं तर तिला नेऊन हाताने दाखवा. चालायला लागली की सुरुवातीला पाय फाकवून, चवडे बाहेर वळवून, दोन्ही हात वर धरून बदकासारखी चालेल, घाबरू नका, तोल मिळाला की पुष्कळसं कमी होतं. आणि पडेल. मऊ जागी, अंगणात, वाळूत पडू दे, पडताना हात पुढे टाकायचं पडूनच शिकतात.

एक मात्र. एक बाजू दुसरीपेक्षा कमी वापरते, पाय कात्रीसारखे ताठ होतात, आधी जमत होतं ते आता जमेनासं झालंय, असं काही असेल तर ते "दिसत नाही म्हणून" या खात्यात टाकू नका, मेंदूच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अडीच वर्षांपर्यंत अजिबात एकटी चालली नाही तरीही दाखवा.

"डॉक्टर म्हणतात मुलाचे (वय ३) डोळे ठीक आहेत, मेंदूला दिसत नाही. जन्मताना रडला नव्हता. बॉल दिला की आधी बघतो, मग मान फिरवतो आणि दुसरीकडेच बघत हाताने घेतो. मी सारखी ओरडते, बघ ना इकडे! त्याचं लक्षच नाही की काय?" – नागपूर

ओरडू नका, तो बरोबर करतोय. अशा मुलांना बघणं आणि हात घालणं ही दोन कामं एकावेळी झेपत नाहीत, म्हणून आधी बघून घेतो, मग नजर बंद करून हाताने घेतो. फोनवर कुणी महत्त्वाचं बोलत असेल तर आपण खिडकीबाहेर बघतो ना. त्याचं काम हलकं करा. एकावेळी एकच वस्तू, रंग भडक, लाल किंवा पिवळा बऱ्याच मुलांना आधी पकडता येतो, चमकणारी असेल तर उत्तम, आणि मागे साधा काळा कपडा. तुमच्या फुलाफुलांच्या चादरीवर त्याला बॉल सापडणारच नाही, चादरच हलते असं वाटत असेल त्याला. वस्तू किंचित हलवा, मग थांबा, बोलू नका. पायऱ्यांच्या कडांना पिवळी टेप लावा. दमलेला, भुकेला असेल तेव्हा काल दिसलेलं आज दिसणार नाही, त्याला नाटक म्हणू नका. चष्म्याचा नंबर पण आहे का ते एकदा तपासून घ्या, दोन्ही असू शकतं.

"मी अंगणवाडी सेविका आहे. ४ वर्षांची एक मुलगी येते, पूर्ण अंध. चालते चांगली. पण हात म्हणजे नुसते कापूस. कशालाच हात लावत नाही, माती, ओली कणीक लागली की किंचाळते, मुठी मिटून बसते. खिचडीसुद्धा मी भरवते. पुढे ब्रेल कशी शिकणार ही? मी काय करू शकते, माझ्याकडे काही साहित्य नाही." – नंदुरबार जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आणि साहित्य नाही कसं म्हणता, अंगणवाडीत तांदूळ आहे, डाळ आहे, परात आहे.

त्या मुठी का मिटल्यात माहितीये? कारण आजवर तिचे हात सगळ्यांनी धरून धरून न विचारता कशात ना कशात घातलेत. मनगट पकडायचं आणि "हे बघ चिखल" करून दाबायचं. तुमचे डोळे कुणी धरून जबरदस्तीने एखाद्या गोष्टीकडे वळवले तर? तिचे हात हेच डोळे आहेत. म्हणून तिचा हात धरायचा नाही, तुमचा हात खाली ठेवायचा आणि तिचा हात तुमच्या हातावर. तुम्ही डाळीत हात फिरवा, ती वर स्वार. नको वाटलं की ती हात उचलू शकते, हे तिला कळलं पाहिजे. हळूहळू तुमचा हात मागे घेत जा, बोटांची टोकं डाळीला लागू देत. सुरुवात कोरड्या, ठळक वस्तूंनी करा, हरभरे, चिंचोके, मग तूरडाळ, मग तांदूळ, मग रवा, ओलं सगळ्यात शेवटी. कणीक आधी कोरडीच असू दे, तिच्यासमोर थेंब थेंब पाणी घाला, म्हणजे ती लिबलिबीत होताना तिला कळते, एकदम अंगावर येत नाही. फक्त दाणे नाकात-कानात जात नाहीत ना एवढं लक्ष ठेवा.

मग कामं द्या, खेळ नव्हे, कामं. चार वर्षांच्या पोरीला काम फार आवडतं. मटार सोलणं, लसणाची पाकळी मोकळी करणं, कोथिंबीर निवडणं, डब्यांची झाकणं लावणं-काढणं, ओलं फडकं दोघींनी दोन टोकांनी पिळणं. ताक घुसळायची रवी असेल तर तिच्यासारखं साधन नाही, दोन्ही हात, एक पुढे एक मागे, ताल आणि आवाज, शिवाय लोणी. चकलीचा सोऱ्या दाबणं. बटण-काज. तळहातावर मोराला चारा घालायचा आपला खेळ आहे ना, तो रोज, तिच्या हातावर तुम्ही आणि मग तुमच्या हातावर ती, त्यात बोटं सुटी होतात. ब्रेलला पाटीवर स्टायलसने एकेक टिंब टोचून उठवावं लागतं आणि वाचताना त्या सहा टिंबांवरून बोट हलकं फिरवावं लागतं, म्हणजे जोरही हवा आणि हळुवारपणाही हवा. तो जोर मटार सोलताना येतो आणि तो हळुवारपणा तांदळातला खडा शोधताना. आमच्याकडे एक मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत पेन्सिलीसारखं काही धरायचा नाही, त्याच्या आईने त्याला रोज अर्धी वाटी शेंगदाणे सोलायला बसवलं, टरफलं एका वाटीत दाणे दुसरीत, दाणे निम्मे तोंडात जायचे. वर्षभराने त्याची चिमूट अशी झाली की माझ्या पिशवीची बारीक चेन तो उघडून द्यायचा.

खिचडी: भरवणं उद्याच बंद करू नका. तिच्या मागे बसा, समोर नको, म्हणजे तुमचा हात तिच्या हाताच्याच दिशेने हलेल. ताटलीऐवजी काठ असलेली वाटी, खाली ओलं फडकं म्हणजे सरकणार नाही. शेवटचा घास तिने, मग शेवटचे दोन. सांडेल. झाडू पण तिलाच दाखवा.

तुमच्याकडे आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा येते तेव्हा तिचं नाव पुढे करा, तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता, आणि जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं डीईआयसी केंद्र असतं तिथे पाठवायला सांगा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढलंय का विचारा तिच्या आईला. नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था मुंबईत १९५२ पासून आहे, शाखा बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, ब्रेलचं पुढचं ते बघतात.

"मुलगा अडीच वर्षांचा, सारखी डोळ्यात बोटं घालून दाबत बसतो, नाहीतर पुढे-मागे झुलतो. हात बांधावेत असं एका नातेवाइकांनी सुचवलंय." – दुबईहून एक बाबा

हात बांधू नका! त्या नातेवाइकांना चहा द्या आणि विषय बदला. पडद्याचे आजार असलेल्या मुलांमध्ये डोळे दाबणं खूप दिसतं, दाबल्यावर उजेडाचे ठिपके चमकतात म्हणे, आणि झुलणं म्हणजे शरीराला हवी असलेली हालचाल तो बसल्याजागी भागवतोय. म्हणून दुसरीकडून भागवा. झोका, झोळी, खांद्यावर घेऊन नाचणं, बागेत घसरगुंडी, उतारावर पळणं, दिवसातून तीन-चार वेळा भरपूर. हातांना काहीतरी वजनदार द्या, पाण्याची भरलेली बाटली घरातून तिकडे नेऊन ठेव असं. "हात खाली" हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकून त्याला ते स्वतःचं नाव वाटायला लागेल, त्यापेक्षा काही न बोलता हातात वस्तू द्या. जास्तच जोरात दाबत असेल किंवा डोळा लाल होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

"मुलगी ५ वर्षांची, अंध, अंगात नुसती मस्ती. सोफ्यावरून उड्या, गेटवर चढणं. सगळे म्हणतात आवरा तिला. कशाला घालू, भरतनाट्यम की कराटे? आणि काठी कधी द्यायची? माझी आई म्हणते काठी दिली की लोकांना कळेल." – ठाणे

आवरू नका, नशीबवान आहात. एकच गोष्ट आधी विचारून घ्या: पडदा कमजोर आहे का, ऑपरेशन झालंय का, डोक्याला हादरा चालेल का. डॉक्टर हो म्हणाले की सोडा तिला. ठाण्यात आहात तर मी म्हणेन मल्लखांब बघून या. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातल्या उदय देशपांडे सरांनी, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, न दिसणाऱ्या मुलांना मल्लखांब शिकवलाय. ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात पण विचार करा, मल्लखांबात अंग सतत लाकडाला नाहीतर दोराला चिकटलेलं असतं, आपण कुठे आहोत ते कातडीला कळत राहतं. उलट मोकळ्या मैदानात नुसतं "पळ" म्हटलं तर ती गोंधळेल. बॉल हवा असेल तर अंधांच्या क्रिकेटचा घ्या, प्लॅस्टिकचा, आत छर्रे असतात, खुळखुळतो, त्याच बॉलवर १९९८ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला होता. तो सरपटत टाकायचा असतो, तुम्हालाच आधी शिकावं लागेल.

काठी आजच. खरं तर चालायला लागली तेव्हाच द्यायला हरकत नव्हती. छातीपासून हनुवटीपर्यंत कुठेतरी येईल एवढी लांब, हलकी, आणि वाढली की बदलायची. लोकांना कळेल हे आजी म्हणतात ते बरोबरच आहे, कळायलाच हवं, रिक्षावाल्याला तर नक्कीच कळायला हवं. पहिले दोन आठवडे ती काठी कशी वापरायची वगैरे काही शिकवू नका. ती फरशी बडवेल, कपाट बडवेल, आजीच्या खुर्चीचे पाय बडवेल, कुठे ठक्क वाजतं कुठे बद्द ते ऐकेल. खालच्या मजल्यावरच्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.